उघड्या घरांचा मध

"दारं लागू दे मेणाची, माशीच्या माहेराला,
मग मागावी रे वाटी, माझ्या तान्ह्या लेकराला."

म्हाळसाबाई मेंढरांमागं चालता चालता हे गायची. तिला जाऊन किती वर्षं झाली. पण पोळ्याखाली उभं राहिलं की बिरूच्या कानात आईचा तोच सूर यायचा. गाणं संपलं की ती साध्या शब्दांत दम भरायची, "घरांना मेणाची झाकणं बसल्याबिगर पोळं तोडू नकू. कच्चा मध फसफसतो, अन् आपलं नाव घालवतो."

सतरा वर्षं गावाला मध पुरवणाऱ्या बिरूनं आयुष्यात एकदाच ते ऐकलं नाही, आणि त्या एकाच चुकीची राणीसावरगावात आता आरती चालली होती.

झालं असं, की सेवानिवृत्त हेडक्लार्क उद्धवरावांना नात झाली. बारशाला बाळाच्या जिभेवर सोन्याच्या अंगठीनं मध लावायचा, ही त्यांच्या घरची रीत. सकाळी सातलाच फोन आला, "बिरू, मध आजच पाहिजे. तुझ्याच हातचा." बारसं बारा दिवसांवर होतं, पण ज्यांनी हयातभर लोकांच्या फायली बारा-बारा महिने उबवल्या, त्यांना स्वतःच्या कामात बारा दिवस जड जाणारच.

बिरू पोळं लागलेल्या बोरीच्या झाडाखाली गेला. तुरी नुकत्याच फुलल्या होत्या. माशा पंखांनी वारा घालून मध आटवत होत्या, निम्म्याहून जास्त घरं उघडी होती. "साहेब, आठ दिवस थांबा," एवढंच म्हणायचं होतं. तेवढं सोडून त्यानं सगळं केलं. धूर दिला, पोळं तोडलं, बरणी भरली, वर नमस्कारही केला.

बरणी देवघरात गेली. नवव्या दिवशी मधाला फेस आला. दहाव्या दिवशी, ऐन आरतीत, झाकण फट्कन उडून देव्हाऱ्याच्या कळसाला लागलं. "देवानं कौल दिला!" उद्धवराव ओरडले. दुपारपर्यंत पार ताडकळसहून मोटारसायकली आल्या. बरणीला हळदीकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. दूधवाल्यानं तर दर्शनानं गुडघ्याचं दुखणं थांबल्याचंही सांगून टाकलं.

बारशाच्या दिवशी बिरूचा सत्कार झाला. अंगावर शाल, मांडीवर नारळ. असा मान बाप-आज्यात कुणाला मिळाला नव्हता. तो मान खाली घालून बसला. लोकांना तो विनय वाटला.

उद्धवरावांनी अंगठी मधात बुडवली. आंबूस वास घरभर गेला. "काय सुगंध आहे!" ते म्हणाले, आणि सगळ्यांना तो आलाही.

सून मैथिली जिंतूरच्या कॉलेजात शिकवायची. तिनं बाळाला छातीशी धरलं. "बाबा, ते यीस्ट आहे. फुलांवरून मधात येतंच. घट्ट मधात निपचित पडून राहतं, पातळ मध मिळाला की साखर खातं अन् फसफसतं. दारू अशीच होते."

"म्हणजे जिवंत आहे म्हणतेस ना?"

"हो, पण..."

"मग मी काय वेगळं म्हणायलोय?"

"प्रसादाला दारू म्हणती, बघा बाई!" एक आत्या कुजबुजल्या, साऱ्या आळीला ऐकू जाईल इतक्या हळू.

"अन् बिरूचा मध पातळ?" उद्धवराव हसले. "सतरा वर्षांत कधी नासला का? विचार त्यालाच!"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. बिरूनं शालीचं टोक चाचपलं. लय मऊ होती. "आजवर तर न्हाई, साहेब," तो म्हणाला.

"ऐकलंस?"

मैथिलीचा हात सैल पडला. अंगठी खाली आली. तिच्यावरच्या थेंबात बारीक बुडबुडे उठत होते, आणि बाळानं चिमणीच्या पिलासारखं तोंड उघडलं.

माझ्या तान्ह्या लेकराला...

बिरू उठला. नारळ घरंगळला, शाल पायाशी पडली. त्यानं उद्धवरावांचं मनगट धरलं.

"थांबा साहेब. कच्चं पोळं तोडलं म्या. घरं उघडी हुती, अन् तवाच मला दिसलं हुतं."