पहारेकरी थांबलाय

संग्रहालयाच्या खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "हा खेळ आहे, वर न्या." वरच्या मजल्यावरचे साहेब म्हणाले, "हा चित्रपट आहे, खाली न्या." असे माझे सहा फेरे झाले. माझं वय बासष्ट, गुडघे माझ्याहून म्हातारे, आणि हे दोघं मला जिन्यावरून चेंडूसारखी टोलवतायत! सहाव्या फेरीला मी साहेबांच्या टेबलावर पिशवी आदळली आणि म्हटलं, "आता मी हलणार नाही. काय ते इथेच ठरवा."

पिशवीत चार सीडी होत्या. तीस वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी मिळून 'बंद मजला' नावाचा संगणकावरचा खेळ केला होता, त्याच्या. त्यात चितारलेली बाहुली एकही नाही. खरी माणसं, खरी दारं, सगळं कॅमेऱ्याने टिपलेलं. एक पहारेकरी ओसाड इमारतीत हरवलेल्या माणसाला शोधतो. दारापाशी येतो, तुमच्याकडे बघतो आणि विचारतो, "कुठून जाऊ?" लिफ्ट, जिना की खिडकी, ते तुम्ही बटण दाबून सांगायचं. जे सांगाल त्याचा तुकडा पुढे लागतो. चुकीचं सांगितलं तर मरतो बिचारा. असे चारशे बारा तुकडे आम्ही चित्रित केले होते.

माझं काम जुळवणीचं. कुठल्या तुकड्यापुढे कुठला तुकडा लागेल याचा नेम नाही, म्हणून आधीच्यात हात कडीवर असेल तर पुढच्या तिन्हींमध्ये तो कडीवरच हवा. कॉलर दुमडलेली तर दुमडलेलीच. मी सगळं वहीत उतरवून ठेवायची आणि चुकणाऱ्याच्या अंगावर जायची. मला सगळे वहीबाई म्हणत. पाठीमागे आणखी काय म्हणत ते मला ठाऊक आहे.

पहारेकरी झाला होता माझा धाकटा भाऊ.

आता त्या सीडींचे कडेने पापुद्रे सुटायला लागलेत. पुरा संच माझ्याकडे तेवढा उरलाय. त्याची नक्कल काढून जपून ठेवायची सोय फक्त या संग्रहालयात, आणि नोंद झाल्याशिवाय ते कशालाही हात लावत नाहीत. नोंदीचे अर्ज दोनच: एक चित्रपटाचा, एक खेळाचा.

"बाई, चिडू नका," साहेब म्हणाले. चष्मा कपाळावर चढवून बोलायची त्यांची सवय. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. "यात नट आहेत, दिग्दर्शक आहे, संवाद आहेत. मग हा चित्रपटच नाही का?"

"पुढे काय घडायचं ते बघणारा ठरवतो यात."

"घरी रिमोट हातात घेऊन मीही चित्रपट थांबवतो, पुढे नेतो. म्हणून तो खेळ होतो का?"

मी म्हटलं, "चालवून दाखवते. उद्या अकरा वाजता. मशीन मी आणते."

एवढा आटापिटा कशासाठी, ते सांगते. खेळ बाहेर आला तेव्हा एका साप्ताहिकाच्या समीक्षकाला बोलावलं होतं. तो पठ्ठ्या नाट्यगृहात बसावा तसा हाताची घडी घालून बसला. बटणाला बोट म्हणून लावलं नाही. आणि पुढच्या अंकात छापलं, 'नायक तासभर दारात बुजगावण्यासारखा उभा राहतो.' अरे, उभा राहील नाही तर काय करेल! तुझ्या उत्तराची वाट बघतोय तो, मेल्या! मी तीन पत्रं लिहिली, त्यांनी एकही छापलं नाही. धाकट्याने ते कात्रण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि परत कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. त्याने किल्ल्या बनवायचं दुकान टाकलं. लोक त्याला बुजगावणं म्हणून हाक मारायचे, तो ओ द्यायचा. माझा जीव तुटायचा.

आणि त्याला तसं उभं केलं होतं मी. खेळणारा विचार करत असेल तोवर दाखवायला चाळीस सेकंदांचा तुकडा लागायचा. तो पुन:पुन्हा लागणार, म्हणून जिथे सुरू झाला तिथेच संपायला हवा, म्हणजे सांधा दिसत नाही. धाकट्याने कडीवर हात ठेवायचा, श्वास घ्यायचा, कान खाजवायचा, जिन्याकडे बघायचं आणि बरोब्बर पहिल्यासारखं उभं राहायचं. हनुवटी एक बोटभर वर झाली की मी ओरडायची, "पुन्हा!" एकतीस वेळा केलं त्याने, तक्रार न करता. आमच्या धंद्यातलं सगळ्यांत अवघड काम ते, आणि त्याच्याबद्दलच त्याची टिंगल झाली.

म्हणून मी चंग बांधला होता. सीडींची माती व्हायच्या आत कुठल्या तरी पक्क्या कागदावर लिहून घ्यायचं, की हा माणूस बुजगावणं नव्हता.

हा खेळ जुन्याच संगणकावर चालतो, आणि माझं जुनं मशीन माळ्यावर होतं. त्याचा पडदा म्हणजे पाठीमागे हे एवढं पोट असलेलं धूड. धाकट्याला फोन केला.

"ताई, त्या भानगडीत मला ओढू नकोस."

"माझी कंबर धरलीय रे. मशीन संग्रहालयात वर चढवून दे आणि जा."

पलीकडे फोन भावजयीने हिसकावला. "ताई, येतील ते. दुकान मी बघते." बाई सोन्याची आहे.

सकाळी तो आला, मला माळ्यावरून वायरी ओढताना बघून म्हणाला, "कंबर बरी दिसतेय."

"गोळी घेतली."

संग्रहालयाची लिफ्ट कालच्यासारखीच बंद. धाकट्याने ते धूड चादरीत बांधून तीन मजले वर नेलं, दर वळणावर माझा उद्धार करत. साहेबांच्या खोलीत भिंतभर पत्र्याची कपाटं, खिडकीत फायलींचा ढीग आणि मधोमध एक टेबल. टेबल रिकामं केलं, मशीन जोडलं, सुरू केलं, तर पडदा काळा ठिक्कर. मागची वायर सैल झाली होती. ती बोटाने दाबली की चित्र यायचं, सोडली की गुल.

"धाकट्या, दाबून धर."

"मी निघतो म्हटलं होतं."

"तुला मागे उभं राहायचंय. तुला कुठे काय बघायचंय?"

तो पडद्यामागे गेला आणि भिंतीकडे तोंड करून वायर दाबून उभा राहिला. खेळ त्याने आजवर बघितलाच नव्हता. चित्रीकरणात तुकडे झाले तेवढेच, आणि नंतर घरात विषय काढायचीही बंदी.

साहेब खुर्चीत बसले. मी पहिली सीडी घातली. मशीन घरघरलं आणि पडद्यावर माझा सव्वीस वर्षांचा भाऊ आला. काळाभोर केस, दुमडलेली कॉलर, कडीवर हात. थेट समोर बघून म्हणाला, "कुठून जाऊ? लवकर सांगा, वेळ नाही."

साहेबांनी हाताची घडी घातली.

तीच घडी! 'अहो, दाबा' असं अगदी जिभेवर आलं होतं. पण मी मनाला बजावलं की आज बोलायचं नाही. माझी तीन पत्रं वाया गेली होती, आता ज्याने काम केलं त्यालाच बोलू दे.

पहारेकऱ्याने श्वास घेतला, कान खाजवला, जिन्याकडे बघितलं, परत समोर बघितलं. एक फेरी झाली. दुसरी झाली.

"अडकलं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मला काय विचारता? विचारतोय तो."

तिसरी फेरी. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. खुर्ची जरा बाजूला सरकवली, परत जागेवर आणली. चौथ्या फेरीला ते हळूच म्हणाले, "माझ्याकडेच बघतोय हा."

"मग तिथे दुसरं कोण बसलंय?"

खरं सांगते, त्यांनी मागे वळून बघितलं! मग घडी सुटली. हात माउसवर गेला, क्षणभर घुटमळला आणि त्यांनी लिफ्ट निवडली.

पहारेकरी लिफ्टमध्ये शिरला, तार तुटली आणि किंकाळी ठोकून तो खाली गेला.

"अरेरे!" साहेब उठलेच. "मेला?"

"तुम्ही मारलात."

"मला काय माहीत तार कच्ची आहे! थांबा, पुन्हा." पुन्हा पहारेकरी दारात, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी साहेबांनी घडी घातली नाही, पण माणूस हट्टी निघाला. त्याने पुन्हा लिफ्टच निवडली आणि माझा भाऊ पुन्हा मेला. तिसऱ्यांदा जिना निवडला, तर जिन्याची पायरी निखळली. चौथ्यांदा साहेबांना घाम फुटला होता. माउस परत लिफ्टकडे सरकायला लागला, सरकतानाचा तो कुरकुर आवाज आम्हां तिघांनाही ऐकू येत होता.

"अहो, खिडकी!" पडद्यामागून धाकटा ओरडला. "किती वेळा पाडताय मला? खिडकी घ्या, खिडकी! बाहेर सज्जा आहे!"

साहेबांनी माउस सोडला.

"तुम्हाला कसं माहीत?" साहेबांनी विचारलं.

"मीच पडलो होतो ना त्या लिफ्टमध्ये. खाली पाच गाद्या टाकतो म्हणाले आणि टाकल्या चार. ती किंकाळी खरी आहे."

साहेबांनी पडद्यावरच्या माणसाकडे बघितलं. मग वाकून पडद्यामागच्या टकलाकडे बघितलं. परत पडद्याकडे. मग गुपचूप खिडकी निवडली. पहारेकरी सज्ज्यावर उतरला, आणि नोंदणीच्या खात्यातल्या त्या गंभीर माणसाने टाळी वाजवली.

दहा मिनिटांनी त्यांनी खेळाचा अर्ज पुढे ओढला. "रिमोटचं मी बोललो होतो ते चुकलं," ते म्हणाले. "तिथे चित्रपटाला मी थांबवतो. इथे हा माझ्यासाठी थांबला होता. मी उठून गेलो असतो तर आत्ताही तिथेच उभा असता."

"हेच लिहा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं: खरी माणसं चित्रित करून केलेला खेळ. पुढची वाट खेळणारा निवडतो.

"आणखी एक ओळ. खेळणारा निवडेपर्यंत पहारेकरी वाट बघत उभा राहतो, हे ठरवून केलेलं काम आहे, आणि ते कुणी केलं त्याचं नाव."

"बाई, रकाना छोटा आहे."

"अक्षर बारीक काढा."

काढलं त्यांनी. मी ती ओळ दोनदा वाचली. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायच्या भानगडीत पडले नाही.

धाकट्याचा आवाज आला, "ताई, मी येऊ का जरा पुढे?"

त्याला येता येईना, वायर सुटली असती. तेव्हा साहेब उठले, पडद्यामागे गेले आणि त्यांनी स्वतः वायर दाबून धरली. धाकटा खुर्चीत बसला, दुकानातल्या तेलाने काळी झालेली बोटं शर्टाला पुसली. पडद्यावर पुढचं दार आलं होतं. पहारेकरी दारात उभा होता, कडीवर हात ठेवून.

"कुठून जाऊ? लवकर सांगा, वेळ नाही."

धाकट्याने माउसला हात लावला नाही. एक फेरी झाली. दुसरी झाली. तो पुढे झुकून बघत होता, कुलूप तपासताना झुकतो तसा. मीही बघत होते. जिन्याकडे बघून झालं की नजर परत समोर येते, तिथे सांधा आहे हे माझ्या वहीत लिहिलंय. तरी मला तो सापडेना.

"दिसत नाही गं, ताई," तो म्हणाला. "सांधा कुठेच दिसत नाही."

"दिसेल कसा? एकतीस वेळा केलं होतंस."

"चांगलं केलं होतं मी."

"मग! मी तेव्हापासून काय सांगतेय?"

पडद्यामागून साहेब म्हणाले, "दाबा की आता, माझं बोट अवघडलंय."

"दाबतो हो, साहेब," धाकटा म्हणाला. "अजून एकदा बघू द्या. बरा उभा राहतोय."