तिसऱ्या मजल्यावरचा धूर

मी धुरपेटी बोलतेय. कंपनीनं माझ्या अंगावर लांबलचक इंग्रजी नाव छापलंय, पण त्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही. सांगलीत, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, ज्या घरानं मला वापरलं त्या घरानंच हे नाव ठेवलं. मला तेच माझं वाटतं.

दिसायला मी शिलाई मशीनच्या पेटीएवढी. टेबलावर सहज मावते. पोटात जाळी, जाळीखाली निखाऱ्याची छोटी वाटी. कुशीला एक डबा, त्यात लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या ठेवायच्या. बटण दाबलं की आतलं मळसूत्र फिरतं, गोळ्या थोड्या थोड्या वाटीत ढकलतं. तापलेली कांडी त्या पेटवते आणि पंखा धूर आतल्या आत फिरवतो. जाळ थोडा, धूर फार. मांस मंद आचेवर तासन् तास ठेवावं, त्यात धूर मुरावा, एवढंच माझं काम.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर मला थर्माकोलमध्ये दाबून बसवलं. मग जहाज, मग गोदाम. गोदामात खोक्यावरचं चित्र रोज समोर असायचं: हिरवळ, हसणारी माणसं, हातात पेले. मला वाटायचं, आपलंही असंच होणार. कुणाची तरी गच्ची, मित्रमंडळी, गाणी.

मला मागवलं होतं ते एका आजारी बाईच्या तोंडाला चव यावी म्हणून.

तिचं नाव जैनब. शेजारीपाजारी सगळे तिला जैनबचाची म्हणायचे. तिचे मालक रहिमानचाचा. तासगावात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. आयुष्यभर त्यांनी लेकीबाळींच्या हातात बांगड्या भरल्या. चाचीच्या घशात गाठ निघाली तेव्हा दुकान बंद केलं आणि दवाखाना जवळ पडावा म्हणून नवराबायको सांगलीत भाड्याच्या घरात आली. लेक रुक्सार तासगावातच दिलेली. ती दर दोन-तीन दिवसांनी एसटीनं यायची, येताना आईसाठी बेदाणे आणायची. आई ते चघळून बाजूला काढायची.

दवाखान्यात किरणांचा शेक देऊन गाठ बसली, पण त्या शेकानं जिभेची चवच गेली. भात भुशासारखा, दूध खडूच्या पाण्यासारखं. डॉक्टर म्हणाले, चव येईल हळूहळू, पण पोटात काहीतरी गेलं पाहिजे. चाची काही खाईना. अंग झडत चाललं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा चाचांनी त्या काढून लहान मापाच्या भरल्या. काही दिवसांनी त्यापेक्षाही लहान. दुकानात ते माप लहान पोरींसाठी ठेवलेलं असायचं.

एका दुपारी चाचीच म्हणाली, "आमच्या मेढ्याला चुलीवर तारेला मटणाच्या पट्ट्या टांगायचे. धुरानं काळ्या व्हायच्या. त्या मिळाल्या तर खाईन बगा."

मेढा तिचं माहेर. डोंगरातलं, पावसाचं, रात्रंदिवस चूल पेटती ठेवणारं. चाचा त्याच पावली गच्चीवर गेले, विटा मांडून चूल करायला. सोसायटीच्या माणसांनी अडवलं. गच्चीवर जाळ करायचा नाही, नियम होता. चाचा विटा घेऊन खाली आले आणि जिन्यातच बसले. तेव्हा रुक्सारनं मोबाईलवर शोधलं आणि मी सापडले. विजेवर चालणारी, बाल्कनीत बसणारी, जाळ न दिसणारी.

खोकं उघडलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. बाल्कनीच्या दारात चाची खुर्चीवर, मांडीवर चादर. चाचा फरशीवर, आजूबाजूला माझे पाय, दांडा, ट्रे, स्क्रू. माहितीपत्रकात नुसती चित्रं. चाचांनी ते सरळ धरलं, आडवं धरलं. गोळ्यांची पिशवी फोडून मूठभर हातात घेतल्या.

"जैनब, ही तर म्हशीची गोळी पेंड हाय."

चाचीला हसू आलं. तिचा आवाज बसलेला होता, हसताना नुसती हवा यायची. चाचा त्या हवेकडं बघत राहिले. मग उगाच पुन्हा म्हणाले, "म्हशीला घालून बघावी का?" ती पुन्हा हसली.

चाचांनी पाय जोडले, ट्रे सरकवला, झाकणाला दांडा बसवला.

"आवं, दांडा उलटा बसलाय."

"व्हय की." त्यांनी काढून पुन्हा बसवला. एक स्क्रू उरला. तो कुठला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही कधी त्याची उणीव भासली नाही.

पहिल्यांदा मला रिकामीच पेटवायची असते. कारखान्यातलं तेल, रंगाचा वास सगळा जळून जावा म्हणून. चाचांनी बटण दाबलं आणि ते जाळीत डोकावत बसले. मळसूत्रातून वाटीपर्यंत यायला गोळ्यांना पहिल्या खेपेला वेळ लागतो. चाचांना वाटलं, मी बिघडलेलीच आले. तोच कांडी लाल झाली, पंखा घुमला आणि माझ्या तोंडातून पांढरा दाट धूर निघाला. सगळा वर गेला.

वर राहायचे वीरधवल. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, उसाची शेती भावाकडं देऊन सांगलीत आलेले. ते तडक खाली आले. चाचा त्या वेळी स्वयंपाकघरात मटणाला हळद, लसूण लावत होते. तसेच हळदीच्या हातानं दार उघडलं.

"चाचा, काय पेटवलंय? कपड्यास्नी वास लागायलाय. आमची संयोगिता वरडायलीय."

चाचा नुसते बाजूला झाले. वीरधवलांना आतली खुर्ची दिसली, खुर्चीतली चाची दिसली. ते मग चपला काढून आत आले, माझ्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "तोंड तिकडं रस्त्याच्या अंगाला करा. वारं तिकडून घेऊन जाईल." दोघांनी मिळून टेबल फिरवलं. वर जाऊन त्यांनी बायकोला काय सांगितलं माहीत नाही. त्या दिवसापासून वरचे कपडे मागच्या बाजूला वाळायला लागले.

या गडबडीत चाचांचं एक राहून गेलं. ते त्यांना तेव्हा कळलं नाही.

मग पट्ट्या माझ्या जाळीवर आल्या. दुपारभर मी धुमसत राहिले. चाचा जागचे हलले नाहीत. माझं झाकण उघडू नये, उघडलं की धूर जातो, हे चित्रात होतं. तरी ते बोटभर फट करून बघायचे आणि चोरी पकडल्यासारखे लगेच मिटवायचे. संध्याकाळी पट्ट्या निघाल्या, कडांना काळ्या, आत तांबूस. रुक्सारनं एक पट्टी बारीक कुस्करून पातळ भातात कालवली. चाचीनं घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. गिळायला तिला वेळ लागायचा. चाचा वाटी धरून उभेच.

"असंच," ती म्हणाली. "अक्षी आमच्या चुलीवरचं. मीठबी बेतानं पडलंय."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चाचांच्याही. ती वाटी संपली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्या घरात एक वाटी संपली.

चाची झोपल्यावर चाचा बाल्कनीत आले. जाळीवर एक लहानशी पट्टी राहिली होती. त्यांनी ती तोंडात टाकली आणि चावता चावता थांबले.

मटणाला मीठच लावलेलं नव्हतं.

मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी ती पट्टी थुंकली नाही. सावकाश चावून गिळली. मग माझ्या झाकणावर हात टेकून उभे राहिले. झाकण अजून गरम होतं, हात भाजत असणार. बऱ्याच वेळानं आत गेले आणि रुक्सारला म्हणाले, "तुझी आई पोटभर जेवली. आता दर जुम्म्याला करायचं."

दुसऱ्या खेपेला त्यांनी मीठ आठवणीनं घातलं. चाची म्हणाली, "असंच." चाचा म्हणाले, "मग? हात कुणाचाय?" दोघंही हसली. मी एक लोखंडाची पेटी, पण मला त्या हसण्याकडं बघवलं नाही.

एकदा चाचा औषधं आणायला गेले होते. मी पेटलेली होते, चाची माझ्यासमोर बसली होती. रुक्सार म्हणाली, "अम्मा, खरं सांग. चव लागती?"

चाचीनं मांडीवरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "मातीवानी लागतंय गं. सगळंच."

"मग कशाला खाती? किती त्रास होतो गिळताना."

"ते बसत्यात न्हवं ह्या पेटीम्होरं? तेवढा येळ दवाखाना इसरत्यात. बसू दे." ती पुढं म्हणाली, "आन् धूर डोळ्याला झोंबतो. तेवढं कळतंय मला. डोळं चुरचुरलं की माझी आई चुलीम्होरं बसल्याली दिसती. ते खोटं न्हाई."

रुक्सारनं आईचे डोळे पुसले. चाची म्हणाली, "नको पुसू. ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून मी माझ्या परीनं एकच केलं. वाऱ्याचा झोत आला की थोडा धूर तिच्याकडं जाऊ दिला. मला दुसरं काय देता येणार होतं?

जुलैत चाची गेली. दवाखान्यातून परत आलीच नाही. तिच्या अंगावरच्या त्या लहान बांगड्या रुक्सारनं रुमालात बांधून आणल्या. माणसं आली, बसली, गेली. बाल्कनीचं दार बंद झालं. बाहेर पाऊस होता, माझ्यावर झाकायला काही नव्हतं. माझ्या कुशीच्या डब्यात शेवटच्या खेपेच्या गोळ्या तशाच होत्या. दमट हवेनं त्या फुगल्या, फुटल्या आणि मळसूत्रात त्यांचा लगदा होऊन घट्ट बसला. ज्यांना एवढं कळलं असतं त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं, आणि मी त्यांना बोल लावत नाही.

चाळिसाव्याला घर पुन्हा माणसांनी भरलं. मेढ्याहून चाचीचे भाऊ आले. फातेहा द्यायची, म्हणजे ताट पुढं ठेवून दुआ पढायची, तर गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ ताटात हवा. चाचांनी आदल्या दिवशीच मटण आणलं होतं, स्वतः पट्ट्या कापल्या होत्या, मीठ दोनदा चाखून बघितलं होतं. सकाळी त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं, माझ्यावरची धूळ धोतराच्या फडक्यानं पुसली आणि बटण दाबलं.

कांडी लाल झाली. पंखा घुमला. मळसूत्रानं एक गचका खाल्ला आणि थांबलं.

चाचा वाट बघत बसले. पहिल्या दिवशीही वेळ लागला होता, असं त्यांना वाटलं असेल. जाळीवर पट्ट्या मांडलेल्या. मी जीव तोडून फिरायला बघितलं. गोळी वाटीत पडेना, धूर निघेना. वीरधवल पेचकस घेऊन आले. डबा उघडून टोकरत बसले, ओल्या भुशाचे गोळे बाहेर काढले. आतला भाग काही सुटेना.

"गोळ्या भिजल्यात, चाचा. लाकूडच फुगून बसलंय. आज न्हाई व्हायचं."

आत मौलवीसाहेब येऊन बसले होते. चाचांनी एकदा आत बघितलं, एकदा माझ्याकडं.

"ऱ्हाऊ द्या, सुभेदार. ह्या पेटीचं काय चुकलं न्हाई. माझंच ध्यान न्हवतं."

पट्ट्या गॅसवर कढईत शिजल्या. फातेहा झाली. सगळे जेवले, मटण छान झालंय म्हणाले. चाचा ताटावर बसले नाहीत. सगळ्यांना वाढत राहिले.

त्यानंतरचे दिवस मी काचेच्या दारातून बघितले. एका माणसाचं घर कसं चालतं ते. चाचा ओट्यापाशी उभ्यानंच जेवायचे, पातेल्यातूनच. जेवता जेवता नळ सोडून ठेवायचे, आवाज असावा म्हणून असेल. अर्धं खाऊन झाकून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तेच गरम करायचे.

आज घर रिकामं होतंय. रुक्सार बापाला तासगावला न्यायला आलीय. चाचा आधी नाही म्हणत होते. ती नुसती भांडी बांधत राहिली. टेम्पो खाली उभा आहे. मला न्यायचं नाही, तासगावच्या घरात जागा नाही आणि मी चालतही नाही. वीरधवल म्हणाले, मी बघतो हिचं काय करायचं ते. म्हणजे भंगारवाला.

थोड्या वेळापूर्वी चाचा एकटे बाहेर आले. माझं झाकण वर केलं. आत झाकणाला धुराची काळी साय धरलीय, ती कधी जात नाही. त्यांनी वाकून आत तोंड घातलं आणि श्वास घेतला. पुन्हा घेतला. रुक्सार दारात येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांच्या कपाळाला, नाकाला काजळी लागलेली. तिनं ओढणीचं टोक ओलं करून त्यांचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं. ते मुकाट्यानं पुसू देत उभे होते. मग दोघं खाली गेली. टेम्पोचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

माझं काय व्हायचं ते होईल. लोखंड वितळतं, त्याचं दुसरं काहीतरी होतं. मागणं एवढंच आहे आणि ते माझ्यासाठी नाही. तासगावच्या बाजारपेठेत एखादा म्हातारा बांगड्यांच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला दिसला, तर त्याला घरी जेवायला बोलवा. तो नको म्हणेल, भूक नाही म्हणेल. ऐकू नका. त्याचं ताट वाढा आणि त्याच्यासमोर आपलंही वाढून घ्या.