ओढ्याकाठची अकरा झुडपं

१९३५च्या त्या उन्हाळ्यात बेकार पोरांसाठी सरकारनं काढलेल्या आमच्या कामाच्या छावणीत दोनशे पोरं होती आणि एकाचाही दुसऱ्यावर विश्वास नव्हता. याचं मूळ स्वयंपाकघरातल्या एका गप्पेत होतं. आयडाहोच्या या डोंगरातलं गूजबेरीचं शेवटचं झुडूप उपटलं की छावणी बंद करून सगळ्यांना घरी पाठवणार, असं कुणीतरी भांडी घासताना बोललं. झालं, त्या दिवसापासून ज्याला त्याला वाटायला लागलं की शेजारचा मुद्दाम काम लांबवतोय.

मला तर जास्तच. माझा स्वभावच तसा, आई म्हणायची, एमिल दूध प्यायच्या आधी हुंगून बघतो. घरी जाणं म्हणजे यंग्सटाउनला जाणं, आणि तिथं पोलादाच्या भट्ट्या पाच वर्षं थंड पडलेल्या. बाप दिवसभर खिडकीत बसलेला असायचा. दर महिन्याला छावणीकडून घरी जाणाऱ्या पंचवीस डॉलरवर सहा तोंडं चालत होती. तेव्हा छावणी लवकर बंद व्हावी असं मलाही वाटत नव्हतं. पण मी मुकादम होतो, आणि मुकादमाला असलं काही वाटत नाही असं दाखवावं लागतं.

काम सांगायला सोपं होतं. पांढऱ्या पाइनला एक रोग लागतो, तो आधी गूजबेरीच्या झुडपावर वस्ती करतो आणि मग झाडावर चढतो. म्हणून झुडूपच उपटायचं. पाच जणांची टोळी ओळीत चालायची, दोन्ही कडांना पांढरी दोरी सोडत जायचं, मधे प्रत्येकाचा आपला पट्टा. कुदळीनं मूळ सैल करायचं, ओढायचं, आणि झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे, फांदीच्या बेचक्यात टांगायचं. जमिनीवर टाकायचं नाही. हे शेवटचं पहिल्याच दिवशी तीन वेळा बजावून सांगितलं होतं. जूनमध्ये पहिली फेरी झाली. त्यात माझ्याइतकी झुडपं छावणीत कुणीच उपटली नाहीत, म्हणून जुलैत मला मुकादम केलं.

दुसरी फेरी संपल्यावर ऑगस्टच्या एका दुपारी आम्ही ओंडक्यावर बसून शेंगदाण्याच्या लोण्याचे सँडविच खात होतो, तेव्हा हॅलेट आला. हॅलेट जंगलखात्याचा तपासनीस, साठीचा, कमी बोलणारा. आम्ही झाडून गेलेल्या जागेवरून पुन्हा चालायचं हे त्याचं काम. त्यानं हातातलं हिरवंगार झुडूप माझ्या बुटांपाशी टाकलं.

"अशी अकरा," तो म्हणाला. "ओढ्याकाठच्या पट्ट्यात. एकाच जागी."

"एखादं राहून जातं," मी म्हणालो.

"एखादं राहतं. अकरा राहत नाहीत, पोरा. अकरा कुणीतरी ठेवतं."

एवढं बोलून तो वही काखेत घालून दुसऱ्या टोळीकडे गेला. चारही माना एकाच बाजूला वळल्या. ओढ्याकाठचा पट्टा दुसऱ्या फेरीत ऑर्व्हल टॅकेटकडे होता.

ऑर्व्हल केंटकीच्या डोंगरातला. अठरा वर्षांचा, लांब हातांचा, बोलणं ऐकून क्लीव्हलँडची पोरं फिदीफिदी हसायची. त्याला सगळे डोंगऱ्या म्हणायचे. तो पाव कॉफीत बुडवून खायचा आणि वर बशीत ओतून कॉफी भुरकायचा, त्यावरूनही हसायचे. महिन्याभरानं त्यानं टेबलावर पाव खाणंच सोडलं, पाव खिशात घालून न्यायला लागला.

"काय रे डोंगऱ्या," फुस्को म्हणाला. डॉमिनिक फुस्कोच्या तोंडाला कधीच कुलूप नसायचं. "छावणी सोडवत नाही वाटतं? तीन वेळचं जेवण, पायात बूट, गादीवर झोप. तुमच्याकडं बूट लग्नातच घालतात ना?"

"मी बघून गेलो व्हतो," ऑर्व्हल म्हणाला.

"बघून गेलास ते दिसतंच आहे. उपटून गेला असतास तर बरं झालं असतं."

"फुस्को, तुझा पट्टा त्याच्या शेजारीच होता," मी म्हणालो.

"घ्या! आता माझ्यावर आलं. मुकादमसाहेब, रविवारी बेसबॉल सोडून ओढ्यावर कोण जातं, ते विचारा की त्याला."

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. खरंच होतं ते. दर रविवारी जेवण झालं की ऑर्व्हल खिशात पाव घालून एकटाच ओढ्याकडे जायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचा. कुठं गेलास विचारलं तर म्हणायचा, "पाण्याकडं." पाण्याकडं कशाला, हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही कधी नीट विचारलंही नव्हतं. आता सगळं जुळायला लागलं. खिशातला पाव, एकटं जाणं, अकरा झुडपं. संशय घ्यायचाच ठरवला की माणसाच्या चालण्यातही खोट दिसते. मी तर त्याच्या अंथरुणाच्या घडीतसुद्धा काहीतरी शोधत होतो.

शनिवारी मी कॅप्टन स्ट्रँडच्या खोलीत गेलो आणि सांगून टाकलं की टॅकेट मुद्दाम झुडपं सोडतो. कॅप्टन सैन्यातला, टापटिपीचा माणूस. त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"नक्की?"

"माझी खात्री आहे, साहेब."

"मग सोमवारी सकाळी घेऊन ये त्याला. असला माणूस मला छावणीत नको. शेरा मारून पाठवू, म्हणजे पुन्हा कुठल्या छावणीत शिरणार नाही."

बाहेर आल्यावर मला बरं वाटलं, आणि थोड्या वेळानं नाही वाटलं. शेरा मारून म्हणजे ऑर्व्हलच्या घरचे पंचवीस डॉलर कायमचे बंद. त्याला बाप नव्हता, पाठची चार भावंडं होती, हे मला माहीत होतं. म्हणून ठरवलं की डोळ्यांनी बघावं, म्हणजे मनाला खात नाही. रविवारी जेवण झाल्यावर तो निघाला आणि पन्नास पावलं मागं ठेवून मीही निघालो.

तो लपतछपत चालत नव्हता. ओढ्यावर आला, एका खडकावर बसला, पाव पाण्यात बुडवून खाल्ला. कुणी हसायला नव्हतं. मग त्यानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि काठाखाली उतरला. मी मागं दूर, अल्डरच्या झाडांच्या जाळीतून बघत होतो. तो झुडपं उपटत होता. चिखलात हात कोपरापर्यंत घालून, मुळाच्या शेवटच्या तंतूसकट. एकेक झुडूप घेऊन वर यायचा, वीस पावलं चालून पाइनच्या बेचक्यात उलटं टांगायचा, परत खाली जायचा. सुट्टीच्या दिवशी, कुणी न सांगता.

माझ्या पायाखाली काटकी मोडली आणि त्यानं वर बघितलं.

"ये की," तो म्हणाला. "मागं मागं येतोयस ते कळलंय मला कवाच."

मी खाली उतरलो.

"हे बघ." त्यानं एक मूळ माझ्यापुढं धरलं. "ही झुडपं हितं उगवलेली न्हाईत. कुणीतरी उपटून हितं फेकलीत. मुळावर कुदळीचा घाव हाय, जुना. ढीग पडला, खालून ओल लागली, परत मूळ धरलं."

"मग दुसऱ्या फेरीत तुला दिसलं कसं नाही?"

"ढीग दिसला व्हता. वरून सुकलेला. म्हटलं उपटलेलंच हाय, कशाला हात लावा, आन पुढं गेलो. ती माझी चूक, मी न्हाई म्हणत न्हाई." त्यानं हात धुतले. "जूनमधी हा पट्टा कुणाकडं व्हता रं?"

मला आठवलं. जूनमधली ती दुपार, डासांचे थवे, चिखलानं जड झालेले बूट. काठावर फांदी नव्हती, सर्वांत जवळचं झाड वीस पावलांवर. प्रत्येक झुडपामागं वीस पावलं जायची, वीस यायची. मी एक खाली फेकलं, मग दुसरं, मग सगळीच. त्या दिवशीचा माझा आकडा छावणीत पहिला आला आणि कॅप्टननं माझ्या पाठीवर थाप मारली.

"कोण जाणे," मी म्हणालो. "तेव्हा रोज पट्टे बदलायचे."

तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मग बूट घालायला लागला.

सोमवारी सकाळी न्याहारीनंतर आम्ही दोघं कॅप्टनपुढं उभे राहिलो. हॅलेट पहाटेच पलीकडच्या खोऱ्यात गेला होता. कॅप्टनच्या पाठीमागं भिंतीवर पहिल्या फेरीचा नकाशा लावलेला होता. हॅलेटच्या निळ्या पेन्सिलीनं आखलेला, पट्ट्यापट्ट्यात उपटणाऱ्याच्या नावाची अक्षरं. इतके दिवस त्या खोलीत जाऊन माझं तिकडं लक्ष गेलं नव्हतं. आता दुसरं काही दिसतच नव्हतं. ओढ्याच्या रेघेला चिकटून माझी अक्षरं होती.

"काही सांगायचंय?" कॅप्टननं विचारलं.

"तो ढीग आधीच्या फेरीतला व्हता, साहेब," ऑर्व्हल म्हणाला.

"कुणाचा?"

"ते मला ठावं न्हाई."

"माझा," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. "जूनमध्ये मी तिथं झुडपं टांगली नाहीत. फेकली."

कॅप्टननं आधी माझ्याकडे बघितलं, मग हसला. "एमिल हलुष्का, परवा याच जागी उभा राहून तू काय म्हणालास?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं, साहेब."

"आणि आज एकदम कळलं?" तो ऑर्व्हलकडे वळला. "तुला काय वाटतं? खरं बोलतोय हा?"

ऑर्व्हलनं घोडा विकायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "काल मी इचारलं तवा म्हणाला, कोण जाणे," तो म्हणाला. जे घडलं तेवढंच त्यानं सांगितलं.

"झालं तर मग," कॅप्टन म्हणाला. "दया आली तुला. वाईट नाही, पण मुकादमाला परवडत नाही. तुझा जूनचा आकडा मी स्वतः वर कळवलाय, पोरा. छावणीतला सर्वांत चांगला हात म्हणून. आता मी त्यांना काय लिहू, की तो फेकाफेकीचा होता?" तो अजून हसतच होता. "आणखी काही?"

नकाशा त्याच्या डोक्यामागं दोन हातांवर होता. बोलायचीही गरज नव्हती, बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. मला खिडकीत बसलेला बाप दिसला, आणि मला खिडकी दिसली की बाकी सगळं दिसेनासं व्हायचं.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

खोलीतून बाहेर पडताना मला हलकं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. मी खरं बोललो होतो आणि माझं काहीही गेलं नव्हतं, याचा मला आनंद झाला होता.

ऑर्व्हलचं सामान बांधायला फार वेळ लागला नाही. ट्रकच्या मागच्या फळीवर पाय ठेवून तो थांबला.

"आत तसं का बोललास?" त्यानं विचारलं. "काय पायजे व्हतं तुला?"

"काही नको होतं. खरं होतं ते."

त्यानं थोडा विचार केला. माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे तो ठरवत होता, आणि शेवटी त्यानं ठेवला. ते त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं.

"खरं व्हतं," तो म्हणाला, "मग एकदाच का बोललास?"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि ती पुलावरून खाली वळली. मी टोळीला हाक मारली, दोरीची रिळं घेतली आणि आम्ही पुढच्या ओढ्याकडे चालायला लागलो. त्या दिवशी प्रत्येक जण झुडूप टांगताना मी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. फुस्को म्हणाला, "मुकादम, आमच्यावर विश्वास नाही का?" आणि मी म्हणालो, नाही.