पांढऱ्या पायाची
माझा नवरा गेना एकोणीस वर्षं आइस हॉकी खेळला. रशियातला अख्खा उरल प्रांत त्याला ओळखतो, आणि मी मात्र त्याला खेळताना जेमतेम दहा मिनिटं पाहिलं होतं. लग्नाच्या वर्षी हौसेने सामन्याला गेले आणि खेळातली रबरी चकती लागून त्याचा जबडा मोडला. संघही हरला. गोलरक्षक फरीदने निकाल देऊन टाकला, "वहिनी पांढऱ्या पायाची आहे." झालं! हॉकीवाल्यांइतकी भित्री जमात मी दुसरी पाहिली नाही. उजव्याआधी डावा बूट चढवला तरी यांना धडकी भरते. गेनाच्या स्टिकला तर मला घरातसुद्धा हात लावायची बंदी होती.

त्यानंतर प्रत्येक सामना मी स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकला. पातेल्यात खिमा भरलेल्या पेल्मेनीचा लगदा व्हायचा आणि मी आपली टेबलाची कड धरून उभी. तो जिंकून आला की वाटायचं, मी घरात बसले म्हणूनच जिंकला. हे मलाही खरं वाटू लागलं होतं.

आता गेना एकोणसाठचा आहे. जिना कठडा धरून तिरका तिरका उतरतो. पुढच्या महिन्यात गुडघा बदलायचा, मग बर्फ कायमचा बंद. त्याआधी शनिवारी जुन्या खेळाडूंचा सामना होता.

"रिम्मा, तू ये," चहा ढवळत तो म्हणाला.

"आणि दुसराही गुडघा गेला तर? फरीद मला जिवंत सोडेल का?"

"फरीदला आता चकती दिसत नाही, तू कुठली दिसणार!" मग हळूच म्हणाला, "तू मला कधी पाहिलंच नाहीस गं."

मी नाही म्हणजे नाही म्हटलं. आणि शनिवारी कोट चढवून गेले.

दाराजवळच्या खांबाआड उभी राहिले. गेना बर्फावर उतरला, त्याने वर पाहिलं, मला हेरलं आणि धाडकन आपटला.  मी तशीच दाराकडे वळले. तेवढ्यात मागून बर्फाभोवतीच्या काचेवर दणादण स्टिक आपटल्याचा आवाज आला.

"रिम्मा! बस खाली! पडलो तर पडू दे!"

लोक हसायला लागले. गोलमधून फरीद ओरडला, "बसा वहिनी! हरायला आमचे आम्ही समर्थ आहोत!"

मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. रडत होते आणि ते लपवलंही नाही. कारण बर्फावर गेना लंगडत नव्हता. वळत होता, उलटा सरकत होता, समोरच्याच्या वाटेत अलगद आडवा येत होता. माझं लग्न या माणसाशी झालं होतं, आणि घरी यायचा तो दमून उरलेला गेना. मला राग आला. फरीदचा, त्यांच्या खुळचट समजुतींचा, इतकी वर्षं रेडिओपाशी वाया गेल्याचा.

दोन-सात असे सपाटून हरले.

बाहेर पायऱ्यांपाशी गेना थांबला. खांद्याला बॅग, हातात स्टिक.

"कसा खेळलो?"

"लंगडत नव्हतास."

त्याने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग त्याने स्टिक माझ्यापुढे केली.

"धर जरा. पायऱ्या उतरायच्यात."