ड तुकडीतला रंधा

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. लाकूड तासून गुळगुळीत करणे हे माझे काम. माझे अंग सागाचे आणि पाते पोलादाचे. एका सुताराने मला घडवले आणि त्याच्या मुलीने मला शाळेत आणले. ती तिथे सुतारकाम शिकवायची. मुले तिला सुतारबाई म्हणत.

त्या वर्षी शाळेने नवी तुकडी काढली. तिथे सकाळी पुस्तके आणि दुपारी हत्यारे असत. अ, ब, क होत्याच, म्हणून हिला ड म्हटले. आठवडाभरात कुणीतरी दारावरच्या ड च्या शेपटीला वेटोळे जोडून त्याचा ढ केला. तो कुणी पुसला नाही. शिपाईसुद्धा विचारायचा, "ढ ची हजेरी झाली का?"

त्या तुकडीत एक मुलगी होती. कानावर कायम पेन्सिल, म्हणून तिचे नावच पेन्सिल पडले. ती तीन पायांची तिवई करत होती. सकाळी गणिताच्या सरांनी शिकवले, की एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते. दुपारी ती ओरडली, "बाई, म्हणून तिवई डुगडुगत नाही!" तिच्या हाती मी असा चालायचो की फळीवरून लांबच लांब सुरळ्या निघत. माझे ते सुखाचे दिवस होते.

चाचणीत तिला भूमितीत पैकीच्या पैकी पडले. मुख्याध्यापक कार्यशाळेत आले. त्यांना सगळे मोठे सर म्हणत.

"कुणाचं बघून लिहिलंस?"

"बघून लिहायला दुसऱ्या कुणाला येत होतं, सर?"

मुले हसली. मोठे सर हसले नाहीत. त्यांनी तिथेच नवे गणित घातले. तिने ते मी तासलेल्या फळीवर सोडवले.

"शाबास. उद्यापासून अ मध्ये बसायचं."

"सर, ती हे इथेच शिकलीय," बाई म्हणाल्या.

"चांगलं फळ नासक्यांत ठेवतात का, बाई?"

सगळी तुकडी समोर उभी होती. हसणे थांबले.

"सर, माझी तिवई राहिलीय. ती झाली की जाते," पेन्सिल म्हणाली.

"तिवया बाजारात मिळतात."

तिची आई शेजारणींना सांगत सुटली, "आमची सुटली गं बाई त्या ढ मधून!"

मग ज्याला ज्याला चांगले मार्क पडले, त्याला उचलून अ मध्ये नेले. वर्षअखेर मोठ्या सरांनी सभेत सांगितले, "या तुकडीतला एकही मुलगा वर आला नाही." तुकडी बंद झाली. मला कार्यशाळेच्या खिडकीच्या फटीत टेकण म्हणून खोचले.

एकदा मधल्या सुट्टीत बाई हत्यारे आवरत असताना पेन्सिल आली. मला काढून तिने एका तुकड्यावर चालवले. मी अडकलो, लाकूड उचकटले.

"धार गेलीय, बाई."

"थांब, लावून देते."

"नको. मोठे सर तुम्हालाच बोलतील." तिने मला परत फटीत खोचले आणि हात रुमालाला पुसले. पुन्हा ती आली नाही.

मित्रांनो, माझ्या गंजाचे मला एवढे वाईट वाटत नाही. हत्यार आहे, गंजणारच. पण ज्याचे हात चालतात, त्याला ढ म्हणू नका. आणि ज्याचे डोके चालते, त्याला शाबासकी देताना त्याचे हात काढून घेऊ नका.