फकिराचा रोलर आणि उतरलेला कर

"फकिराभाऊ, रोलरचं लगीन काढलं का काय?" भागूबाईनं रस्त्याच्या पलीकडून विचारलं. तिच्या चहाच्या टपरीवर सकाळपासून गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं, त्यामुळे थट्टा करायला तिला भरपूर सवड होती.

"लगीन कशाचं? आंघोळ घालायलो," फकिरा म्हणाला आणि हातातल्या चिंधीनं रोलरचं पुढचं मोठं चाक घासत राहिला.

दसऱ्याचा आदला दिवस होता. ठेकेदार तात्यासाहेबांच्या यार्डात या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची. टिप्परला हळदकुंकू, मिक्सरला नारळ. फकिराच्या घरात ते काही नव्हतं. त्याच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हाच नारळ आणि लिंबं घराबाहेर गेली होती. पण वर्षभर आपल्यासोबत राबणाऱ्याला एक दिवस धुऊन-पुसून उभं करायला काय हरकत, असं फकिराचं म्हणणं. म्हणून बाकीचे ड्रायव्हर पूजा मांडत तेव्हा हा बादली आणि साबण घेऊन बसायचा. सुरुवातीला सगळे हसले. मग त्याच्याच बादलीतून पाणी घेऊन आपापली चाकं धुवायला लागले.

यंदा मात्र यार्डात पूजाच नव्हती. हर्सूलच्या पुढे एका फाट्यावरून आतल्या गावांकडे जाणारा हा रस्ता तात्यासाहेबांनी उन्हाळ्यात घेतला होता. मुरूम पडला, खडी पडली, फाट्यापासून ओढ्यापर्यंत फकिरानं ती दाबून पाटासारखी सपाट केली आणि काम थांबलं. सरकारकडे तात्यासाहेबांची आधीची बिलं अडकली होती. टिप्पर गेले, मजूर गेले, राहिला तो फक्त रोलर, कारण त्याला हलवायचं तर ट्रेलर आणावा लागतो. आणि राहिला फकिरा. तो रोज सकाळी हर्सूलहून सायकलवर यायचा, रोलर सुरू करायचा, चार हात पुढे, चार हात मागे घ्यायचा आणि बंद करून घरी जायचा. बॅटरी उतरू नये म्हणून, असं तो सांगे. पगार कधीचा थांबला होता, पण त्याबद्दल तो काही सांगत नसे.

"सुरू व्हईल का वो काम?" भागूबाईनं त्याला चहा देत विचारलं.

"व्हईल की. रस्ता काय अर्धा ठेवत्यात व्हय?"

"माझी टपरी बी अर्धीच झाली बगा. तुमची माणसं होती तव्हा दूध पुरत नव्हतं."

फकिरा चहा प्यायला. तो चहासुद्धा सावकाश पिणारा माणूस होता. आयुष्याची पंचवीसएक वर्षं रोलरवर गेल्यावर माणसाचा वेग रोलरचाच होतो. बाजारात बायको रत्नमाला पुढे जाऊन भाजी घेऊन परत यायची, तरी हा बाजाराच्या तोंडाशीच असायचा. शिवाय त्याला चालताना मागे वळून बघायची खोड होती, कारण रोलर जितका पुढे जातो तितकाच मागे येतो. नवखा माणूस त्याला पाहून म्हणे, याच्या मागे कुणी लागलंय की काय.

त्याच दुपारी फकिराच्या घरी जावई आला. इंद्रजीत जालना रोडवरच्या एका शोरूममध्ये गाड्या विकायचा. हातात पेढ्यांचा पुडा, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पाठोपाठ फकिराची लेक अमृता. सरकारनं नुकताच गाड्यांवरचा कर उतरवला होता आणि शोरूममध्ये पाय ठेवायला जागा उरली नव्हती. उद्यासाठी तर इतक्या गाड्या नेमल्या होत्या की चाकाखाली ठेवायला लिंबं पुरणार नाहीत अशी काळजी मॅनेजरला पडली होती.

टीव्ही चालूच होता. त्यावर दोन शहाणे भांडत होते. एक म्हणत होता, मंदीतून वर यायचं तर सरकारनं स्वतः खर्च करावा, रस्ते आणि पूल बांधावेत. दुसरा म्हणत होता, नको, कर कमी करा, लोकांच्या खिशात पैसा राहू द्या, ते आपोआप खर्च करतील. दोघांनाही समोरच्याचं ऐकायचं नव्हतं, आणि मधे बसलेल्या बाईला तर कुणाचंच ऐकायचं नव्हतं.

"हा दुसरा बराबर बोलायला," इंद्रजीत म्हणाला. "मामा, आमच्याकडंच बगा ना. टॅक्स उतरला, गाडी स्वस्त झाली, लोक आले. गाडी खपली म्हणून वाळूजच्या कंपनीत पार्ट जास्त बनायलेत. तिथं पोरं कामाला लागली. एका महिन्यात!"

फकिरानं पेढा तोंडात घातला आणि तो पुरता संपेपर्यंत उत्तर दिलं नाही. जावई थांबला. या घरात थांबावं लागतं हे त्याला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

"इंद्रजीतराव, ज्याच्या खिशात हाय त्याच्याच खिशात ऱ्हाइल ना पैसा? ज्याला गाडी घ्यायचीच न्हवती त्याला काय? भागूबाईचं काय उतरलं? रस्ता निघाला तर मला काम, खडीवाल्याला काम, तिचा चहा खपतो. आन रस्ता माघारी उरतोच."

"ते खरंय. पण निघतोय कुठं रस्ता? सरकारी पैसा वरून निघाला की खाली यायला वर्ष लागतंय. तवर माणसानं काय खावं?"

फकिरानं दुसरा पेढा उचलला. तो टीव्हीकडे बघत राहिला. मग इंद्रजीतनं जे बोलायला आला होता ते हळूच काढलं. शोरूमला ड्रायव्हर हवे होते. गिऱ्हाईकाच्या घरी गाडी पोचवायची, सर्व्हिसिंगला आणायची. त्यानं मॅनेजरशी बोलून ठेवलं होतं.

"मामा, तुमच्याकडं लायसन हाय. पहिलं टिप्पर चालवलंय तुमी."

"मी रोलरचा ड्रायव्हर हाय," फकिरा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण अमृतानं नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं आणि तो विषय पेढ्यांसोबत झाकला गेला.

पाहुणे गेल्यावर रत्नमाला त्याच्याजवळ येऊन बसली. ती शिवणकाम करून घर ओढत होती आणि त्याबद्दल तिनं एकदाही टोमणा मारला नव्हता. "जावई वाईट बोलले का?" तिनं विचारलं.

"नाय गं. चांगलंच बोलले. पण मी गेलो तर रोलर कोण चालू करंल?"

"आन तुमच्या नशिबानं काम सुरूच झालं नाय तर?"

"व्हईल," तो म्हणाला. त्याला खात्री नव्हती. पण रोलर सोडून दुसऱ्या कशावर आपण बसलो आहोत असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे येतच नव्हतं, आणि त्याची त्याला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे घालून सगळे बुद्धलेणीला जाऊन आले. इंद्रजीतला वाटेत दोनदा मॅनेजरचा फोन आला. दिवाळी आली, गेली. रोलरभोवती गवत वाढलं होतं ते फकिरानं खुरप्यानं काढलं.

मग एका सकाळी फाट्यावर तात्यासाहेबांची जीप उभी दिसली आणि तिच्या मागे लांब ट्रेलर.  काम दुसरीकडे लागलं, असंच त्याला वाटलं. सायकल स्टँडवर लावायचंही त्याला सुचलं नाही, ती आडवीच पडली.

"कुठं न्यायचा, साहेब?"

तात्यासाहेब माणूस वाईट नव्हता. मजुरांचे पैसे चुकते करण्यासाठी त्यानं यार्डातली निम्मी यंत्रं आधीच विकली होती. तो फकिराकडे न बघता बोलला. "विकला रे. देवगाव रंगारीच्या एका ठेकेदारानं घेतला. माझ्याच्यानं आता ही ओढाताण निभत नाही."

फकिरानं रोलरकडे बघितलं. "मग मी बी जातो त्याच्यासंगं."

"त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. मी विचारलं होतं."

 ट्रेलरवर आलेला नवा ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत बाजूला उभा होता. तिशीतला, सभ्य दिसणारा. फकिरा त्याच्याकडे गेला.

"चढवू का मी?"

"चढवा ना काका," तो म्हणाला आणि त्यानं बिडी टाकली.

फकिरा वर चढला. नेहमीच्या सवयीनं मागे बघितलं, पुढे बघितलं आणि रोलर सुरू केला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तो चार हातांपेक्षा जास्त पुढे जाणार होता. ट्रेलरच्या फळ्यांवर चाक टेकलं, फळ्या वाकल्या, करकरल्या, आणि रोलर अंगाला झोका न देता वर जाऊन मधोमध उभा राहिला. फकिरानं इंजिन बंद केलं आणि खाली यायला फार वेळ लावला. त्याला वाईट वाटत होतं. रडू येण्यासारखं वाईट वाटत होतं, आणि चार माणसांसमोर ते गिळायला वेळ लागत होता. ट्रेलर गेल्यावर भागूबाईनं हाक मारून चहा दिला, पण तिलाही त्या दिवशी थट्टा सुचली नाही.

महिनाभर तो घरात बसला. मग एका सोमवारी त्यानं आपणहून इंद्रजीतला फोन केला.

शोरूममध्ये फकिराची पहिली ओळख झाली ती त्याच्या वेगानं. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा तो गाडी अशी नेई की मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घ्यावा. गाडी आवारात लावताना तो जागेत शिरायचा, बाहेर यायचा, पुन्हा शिरायचा; त्याच्या मते जागा नीट दाबल्याशिवाय गाडी उभी करण्यात अर्थ नव्हता. पोरं त्याला 'रोलरकाका' म्हणायला लागली. तोही हसायचा. पण नव्या गाडीला त्याच्या हातून कधी ओरखडा आला नाही आणि पहिलीच गाडी म्हणून घाबरलेली गिऱ्हाइकं "तेच काका पाठवा" म्हणून मागणी करू लागली. घरात वेळेवर पगार येऊ लागला. रत्नमालेच्या मशीनला थोडी विश्रांती मिळाली.

म्हणजे जावई खरा ठरला. उतरलेला कर फिरत फिरत शेवटी फकिराच्या दारात आला होता. आणि मार्च महिना आला, सरकारी वर्ष संपायला आलं, तशी तात्यासाहेबांची अडकलेली बिलंही भराभर निघाली. म्हणजे फकिराही खरा ठरला. फक्त कर उतरला दसऱ्याच्या तोंडावर आणि बिल निघालं मार्चमध्ये, आणि मधल्या दिवसांत रोलर गेला. टीव्हीवरच्या त्या दोघांचं भांडण तोवर दुसऱ्याच विषयावर सुरू झालं होतं.

एप्रिलमध्ये सरिताबाई गाडी न्यायला आल्या. हर्सूलच्या पुढे, त्याच फाट्यावरून आत असलेल्या गावात त्या शिक्षिका होत्या. घराण्यातली पहिली गाडी, आणि चालवायला अजून कुणीच शिकलेलं नव्हतं. सोबत सासू, सत्यभामाबाई, मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन मागे बसल्या.

"काका, सावकाश न्या हं," सरिताबाई म्हणाल्या.

"त्याची काळजी नका करू," फकिरा म्हणाला.

फाट्यावर वळल्यावर त्याला दिसलं, रस्त्याचं काम पुन्हा सुरू झालं होतं. भागूबाईच्या टपरीपुढे माणसांची झुंबड होती आणि तिला मान वर करायला फुरसत नव्हती. डांबर गावाच्या बाजूनं टाकत आणलं होतं आणि आता फाट्याजवळचा शेवटचा तुकडा चालू होता. लाल फडकं धरलेल्या मुलीनं गाडी थांबवली. समोर नवाकोरा पिवळा रोलर पुढे-मागे चालला होता. फकिरानं खिडकीची काच खाली केली. गरम डांबराचा वास आणि इंजिनाची घरघर एकदम आत आली, आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता ऐकत बसला.

"काका, काच वर घ्या ना. आईंना वासानं मळमळतं."

"व्हय, व्हय," म्हणत त्यानं काच वर घेतली. बाहेर रोलर बिनआवाजाचा चालत राहिला.

फडकं खाली झालं. गाडी नव्या डांबरावर चढली आणि ओढ्याच्या दिशेनं निघाली. हा तुकडा फकिराचा होता. वरचं डांबर दुसऱ्याचं, पण खालची खडी त्यानं उन्हाळाभर दाबली होती. पावसाळा तिच्यावरून गेला तरी ती कुठं बसली नव्हती, उचलली गेली नव्हती. गाडी चालली आहे की उभी आहे हे पोटातल्या पाण्यालाही कळत नव्हतं. मागे सत्यभामाबाईंनी डब्यावरचा हात काढला आणि पाठ टेकून बसल्या.

"सरिता, जराबी दणका बसंना गं. लई चांगली गाडी घेतली तू." मग पुढे वाकून त्यांनी फकिरालाही विचारलं, "व्हय ना वो, डायव्हरभाऊ?"

फकिरानं आरशात त्यांच्याकडे बघितलं. म्हातारी मनापासून खूश होती.

"व्हय, मावशी," तो म्हणाला. "गाडी लई चांगली हाय."

आणि ओढा येईपर्यंत त्यानं गाडीचा वेग आणखी थोडा कमी केला.