बारा बटणांचा हातमोजा

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. जुन्या काळातल्या सिनेमांचे कपडे आम्ही शिवतो, मी आणि आई. कापायचं काम माझं, हातशिलाई तिची. आणि हातशिलाई बघावी तर माझ्या आईचीच. एक टाका वरून दिसला तर नाव बदलेन.

या सिनेमात मोठ्या घरातल्या एका विधवेचा जीव घरच्या घोडेवाल्यावर जडतो. तिच्या हाताला हात लावायची त्याला सोय नाही. अख्ख्या सिनेमात एकदाच तो तिचा कोपरापर्यंतचा हातमोजा काढतो, बस्स. मी दिग्दर्शकबाईंना म्हटलं, "आतून हुक लावते, झटक्यात निघेल."

आई म्हणाली, "बारा बटणं. खरी."

"अगं, किती वेळ जाईल!"

"जाऊ दे की. त्या दोघांना तेवढाच तर मिळणार आहे."

दिग्दर्शकबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. खोटं कशाला बोलू, मीही बघत राहिले.

चित्रीकरणाच्या आदल्याच संध्याकाळी मात्र मी तिच्याशी कडाकडा भांडले होते. आमच्याबरोबर विग करणारे काका आहेत. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. एकेक केस जाळीत ओवत दिवसभर बसणारा माणूस. त्यांनी आईला लग्नाचं विचारलं आणि आईनं मला. एकसष्टाव्या वर्षी!

"लोक काय म्हणतील? सासरी मी कुठल्या तोंडानं सांगू?" मी म्हटलं.

बाबा गेल्यापासून तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तिनं हातातली शिलाई घडी घालून ठेवली. मग म्हणाली, "बरं. नाही म्हणून सांगते त्यांना." शनिवारी काका दुसऱ्या शहरात कायमचे कामाला जाणार होते.

दुसऱ्या दिवशी नट चित्रीकरणाला उभा राहिला आणि बटणांशी नुसती झटापट करायला लागला. चारदा झालं, पाचदा झालं. दिग्दर्शकबाई वैतागून आईला म्हणाल्या, "तुम्हीच दाखवा हो याला."

आईनं जादा शिवलेला हातमोजा चढवला. काढणार कोण? नायिकेचा विग नीट करायला काका तिथंच उभे होते. त्यांच्यासारखी बोटं दुसऱ्या कुणाची होती? बाईंनी त्यांनाच पुढे केलं.

एक बटण. दुसरं. प्रत्येक बटण सोडताना त्यांनी बोट आईच्या कातडीला लागू दिलं नाही.  अकरावं सुटलं आणि आईनं हात मागे घेतला.

"कळलं ना?" तिनं नटाला विचारलं. काकांकडे बघितलंही नाही.

"कळलं," काकाच म्हणाले, खाली मान घालून.

 असल्या सिनेमांतल्या खाष्ट जावा-नणंदांना मी जन्मभर शिव्या घातल्यात, दोघांची ताटातूट झाली की रुमाल भिजवलेत. आणि आमच्या घरात ती खाष्ट बाई कोण? मीच की!

"आई," मी सगळ्यांदेखत ओरडलेच, "एक बटण राहिलंय."

आईनं चमकून माझ्याकडे बघितलं. "राहू दे गं. कालच ठरलंय ना आपलं?"

"काल मी मूर्खासारखं बोलले. हात पुढे कर."

तिनं हात पुढे केला. काकांनी बारावं बटण धरलं आणि या वेळी त्यांचं बोट आईच्या हाताला टेकलं.

"सावकाश काढा, काका," मी म्हटलं. "घाई नाही आपल्याला."